दार वाजलं की संदेश अडतो

प्रश्न : मी ग्रामीण मंडळीत नवा पाळक आहे. रविवारच्या संदेशाची तयारी करायला बसलो की कुणी दाखल्यासाठी येतं, कुणी भावकीचं भांडण घेऊन. या धावपळीत माझ्यातून ख्रिस्त दिसणार कसा?

उत्तर : मार्कच्या शुभवर्तमानाचा 5वा अध्याय पुन्हा सावकाश वाचा. याईराची 12 वर्षांची मुलगी शेवटच्या घटका मोजते आहे, येशू तिच्याकडे निघाला आहे. वाटेत 12 वर्षं रक्तस्रावाने खंगलेली एक बाई गर्दीतून त्याच्या वस्त्राला शिवते. ती तर तिथंच बरी झाली होती. पुढं जाता आलं असतं. तरी तो थांबतो, तिला सगळं बोलू देतो आणि तिला ‘मुली’ म्हणतो. याईराला ते थांबणं किती जड गेलं असेल! पण तो त्याच्याही घरी पोहोचतोच आणि मुलगी उठल्यावर तिला खायला द्यायला सांगतो. हे शेवटचं वाक्य मला फार प्रिय आहे. चमत्कारानंतरही त्याला तिची भूक आठवते.

तेव्हा दाखल्यासाठी आलेल्या माणसाला आधी बसवा, पाणी द्या, पुरतं ऐका. लगेच वचन सांगू नका. भांडणात मात्र दोन्ही घरी जा. एकाच घरचा चहा घेतलात तर दुसरं दार बंद होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना निघण्याआधी भेटा, मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांची नावं वहीत लिहून ठेवा. संदेशासाठी पहाटेचा तास राखा, तो कुणालाही देऊ नका. येशूही पहाटे उठून एकांतात गेला होता.