डोकं दुखतंय? आधी बोट टोचा

मला मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली, आणि लवासात, दासव्याला राहायला येऊनही आता काळ लोटला. इथून पुण्याला जायचं तर टेमघरचा घाट उतरून, मुठा, पिरंगुट करत चांदणी चौक गाठायचा. दीड-दोन तास सहज जातात. म्हणून डोकं दुखायला लागलं की ते कशाने दुखतंय, हे घरच्या घरी ओळखता यायला हवं. इथे राहून जे कळलं ते सांगते.

१. पित्त म्हणण्याआधी शुगर बघा. आपल्याकडे डोकेदुखीला कारणं दोनच: पित्त नाहीतर ऊन. मुगावहून आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी एका संकष्टीला ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. "ताई, पित्त खवळलंय बघा. डोकं नुसतं ठणकतंय." कपाळावर घाम, हातातला कप थरथरत होता. शुगरची गोळी सकाळीच घेतलेली आणि पोटात कपभर चहा. नवी सुई लावून त्यांचं बोट टोचलं, मीटरवर ५८. आकडा ७० च्या खाली गेला की शुगर उतरली असं समजायचं. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं आणि आकडा वर आल्यावर उपास सोडायला लावून भात-आमटी वाढली. डोकं मात्र दुपारपर्यंत जड होतं. असं होतं, शुगर जागेवर आली तरी दुखणं काही वेळ रेंगाळतं, म्हणून गोड खातच राहायचं नाही.

मावशी अंगाने काटकुळ्या. त्यांना मधुमेह असेल असं पाहणाऱ्याच्या मनातही येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास करत आले आहेत. दिसायला बारीक असलेल्या आपल्या माणसांच्या अंगातही चरबीचं प्रमाण जास्त असतं आणि त्यांना मधुमेहाचा धोका असतो, हे त्यांनी दाखवून दिलं. सडपातळ माणसाची डोकेदुखी म्हणूनच हसण्यावारी नेऊ नये.

२. गोड म्हणजे कुठलंही गोड नाही. पेढा किंवा चॉकलेट नको. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. साखरेचं पाणी किंवा अर्धा कप फळांचा रस चालतो. मात्र वोग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर साधी साखर लवकर पचत नाही, तिथे ग्लुकोजची पावडरच हवी. आपल्या गोळीच्या पाकिटावरचं नाव आजच वाचून ठेवा. बीपीसाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांची धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम तेवढा फुटतो. त्यांनी घामाकडे लक्ष ठेवावं.

३. वाढलेल्या शुगरचं दुखणं वेगळं. उतरलेल्या शुगरचं अचानक येतं, भुकेसकट. वाढलेलीचं हळूहळू चढतं, सोबत घशाला कोरड, सारखी लघवी आणि डोळ्यांपुढे धूसर. लघवीवाटे पाणी जातं, अंगातलं पाणी कमी होतं आणि डोकं धरतं. अशा वेळी उसाचा रस किंवा ग्लुकोज म्हणजे आगीत तेल. साधं पाणी थोडं थोडं प्यावं, चुकलेल्या गोळीचं किंवा इन्सुलिनचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारावं. आकडा २५० च्या वर टिकून असेल आणि उलट्या, पोटदुखी किंवा जोरजोरात श्वास सुरू झाला, तर थेट हॉस्पिटल.

४. शनिवार-रविवारी इथे गाड्यांची रांग लागते. पुण्याहून सकाळची गोळी घेऊन निघायचं, घाटात अडकायचं, मग तळ्याकाठी फोटो आणि जेवायला अडीच. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यासाठी हे वेळापत्रक वाईट. डोकं दुखलं की सगळे म्हणतात, "वळणांनी गाडी लागली." गाडी बाजूला घेऊन बोट टोचा. आधी हात धुवा, निदान पाण्याने पुसून कोरडे करा. करवंदं नाहीतर आंबा खाल्लेल्या बोटाने मीटर भलताच आकडा दाखवतं.

५. आमच्या मुळशीचा पाऊस मीटरच्या पट्ट्या खराब करतो. डबीचं झाकण उघडं राहिलं की ओल लागते आणि आकड्यावर भरवसा राहत नाही. जुलै २०२४ मध्ये इथे दरड कोसळून बंगले गाडले गेले. पावसाळ्यात रस्ता कधी बंद होईल याचा नेम नाही, म्हणून जूनच्या आधीच गोळ्या, इन्सुलिन, पट्ट्या आणि ग्लुकोज भरून ठेवावं.

६. रोज सकाळी उठताच डोकं जड असेल तर एखाद्या रात्री दोन-तीन वाजता शुगर तपासा. झोपेत उतरत असेल तर उशी घामाने ओली मिळते, वाईट स्वप्नं पडतात. घोरणं फार असेल तर झोपेत श्वास अडकत असण्याची शक्यताही डॉक्टरांना सांगा. बीपी तर मोजाच.

७. वेदनाशामक गोळ्यांबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या कुठेही सहज मिळतात, पण मधुमेहाने आधीच ताण आलेल्या मूत्रपिंडाला त्या महागात पडतात. त्यात बीपीची गोळी चालू असेल तर जास्तच. शुगर, बीपी ठीक असून डोकं दुखत असेल तर अंधाऱ्या खोलीत पडावं, पाणी प्यावं, गरज पडली तर पॅरासिटामॉल घ्यावी. तीही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. आठवड्यातून दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त गोळी लागत असेल, तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं.

८. काही दुखणी घरी काढायची नसतात. मे २०२१ मध्ये महाराष्ट्रात काळ्या बुरशीचे रुग्ण वाढले. त्यांतले बरेच जण शुगर वाढलेले, करोनासाठी स्टिरॉइड घेतलेले. सुरुवात कित्येकांची डोकेदुखीने आणि चेहऱ्याची एक बाजू दुखण्याने झाली. एका बाजूला सूज, नाकातून काळसर स्राव, दोन-दोन दिसणं. डोळा लाल होऊन दिव्याभोवती कडी दिसणं. बोलताना जीभ अडखळणं, हात किंवा पाय लुळा पडणं. बीपी १८०/१२० च्या वर. किंवा जन्मात कधी दुखलं नाही असं डोकं एकाएकी फुटायला लागणं. यातलं काहीही दिसलं तर घाट उतरायला लागा, नाहीतर १०८ ला फोन लावा. पहिल्याच वाक्यात पेशंटला मधुमेह आहे हे आणि शेवटचा आकडा सांगा. पेशंट शुद्धीवर नसेल तर त्याच्या तोंडात साखर-पाणी काहीही घालू नका. त्याला कुशीवर वळवून ठेवा.