अल्कोहॉलमधील ऊतक आणि डीएनए

थायलसीन, म्हणजेच टास्मानियन वाघ, हा पोटाला पिशवी असणारा मांसाहारी प्राणी. त्याच्या जातीतील अखेरचा ज्ञात प्राणी 1936 साली होबार्ट येथील प्राणिसंग्रहालयात मरण पावला. तथापि 1909 साली मिळालेले त्याचे एक पिल्लू मेलबर्नच्या संग्रहालयात अल्कोहॉलमध्ये राखलेले होते. त्याच्या ऊतकातून मिळालेल्या डीएनएच्या आधारे या नष्ट झालेल्या प्राण्याचा जनुकसंच 2017 साली वाचता आला. हेच पिल्लू फॉर्मॅलिनमध्ये ठेवले असते, तर हे काम कितीतरी बिकट झाले असते. कारण फॉर्मॅलिन प्रथिने व डीएनए यांना परस्परांशी जखडून टाकते.

अल्कोहॉल ऊतकातील पाणी शोषून घेते आणि पाण्यावाचून डीएनए तोडणारी एंझाइमे निष्क्रिय होतात. यासाठी ताज्या तुकड्यावर त्याच्या सुमारे दहापट, 95 टक्क्यांहून तीव्र अल्कोहॉल घालावे. ऊतकातील पाण्याने ते सौम्य होते, म्हणून दुसऱ्या दिवशी बदलावे.

परंतु जे रक्षण करते तेच पुढे आडवे येते. ऊतक विरघळविण्यासाठी वापरले जाणारे प्रोटिनेझ-के हे एंझाइम पाण्यातच काम करते. तुकड्यात अल्कोहॉल मुरलेले राहिल्यास ते अडखळते. म्हणून सुमारे 25 मिलिग्रॅमचा तुकडा गाळणकागदावर टिपून घेतात, निर्जंतुक पात्याने बारीक चिरतात आणि वास जाईपर्यंत वाळवितात, किंवा थंड द्रावणात वारंवार धुतात. येथे घाई नको, तसा विलंबही नको. ऊतक पुन्हा ओले झाले की निद्रिस्त एंझाइमेही जागी होऊ शकतात! त्या द्रावणात ईडीटीए मिसळतात ते याचसाठी. त्यांतील अनेक एंझाइमांना लागणारे मॅग्नेशियम ते बांधून ठेवते. नंतर तुकडा प्रोटिनेझ-केसह सुमारे 55 अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवतात. (अल्कोहॉलने ओले पाते ज्योतीजवळ नेऊ नये, हे सांगावयास नकोच.)

जुन्या नमुन्यातील डीएनए तुटलेला व अत्यल्प असतो. हाताळणाऱ्याच्या त्वचेचा एखादा कणही त्याला झाकून टाकू शकतो. म्हणून हातमोजे घालतातच. शिवाय ऊतक न घातलेली एक नळीही सर्व क्रियांतून नेतात. त्या नळीत डीएनए आढळला, तर त्या खेपेतील निष्कर्षांवर विसंबता येत नाही, आणि पिल्लाच्या अंगाचा कापलेला तुकडा तर खर्ची पडलेला असतो.