मुलांच्या तालीमीसाठी साठवलेला पैसा काढताना आयकर किती?



बारावीचा निकाल लागला की शहागंज, सिटी चौक, गुलमंडीच्या दुकानांत एकच चर्चा असते : प्रवेश कुठे आणि फी कशी भरायची? हिमरूचा कारागीर असो की कापडाचा ठोक व्यापारी, बहुतेकांनी मुलांच्या तालीमीसाठी काहीतरी बाजूला टाकलेले असते. ते काढताना आयकर लागतो की नाही, याची माहिती मात्र अपुरी असते. म्हणून हा हिशेब.

अमेरिकेत १९९६ पासून कॉलेजच्या बचतीचे खास खाते आहे. त्यातली रक्कम शिक्षणावर खर्च केली तर नफ्यावर केंद्राचा कर नाही. दुसरीकडे खर्च केली तर नफ्यावर कर आणि वर १० टक्के दंड. आपल्याकडे असा सरसकट नियम नाही. मुदत ठेव मोडून कॉलेजची पावती दाखवली म्हणून व्याजावरचा कर माफ होत नाही. आपल्या कायद्यात दोनच गोष्टी पाहतात : पैसा कशात ठेवला आणि कोणाच्या नावावर ठेवला.

पैसा कशात ठेवला?

१) सुकन्या समृद्धी : ही योजना २०१५ मध्ये सुरू झाली. मुलगी १० वर्षांची होण्याआधी खाते उघडावे लागते. वर्षाला २५० रुपयांपासून दीड लाखापर्यंत भरता येते. मुलगी १८ वर्षांची झाली किंवा दहावी पास झाली की मागील आर्थिक वर्षअखेरच्या शिलकीपैकी निम्म्यापर्यंत रक्कम शिक्षणासाठी मिळते. प्रवेशाचा पुरावा द्यावा लागतो. काढलेल्या रकमेवर कर नाही.

२) पीपीएफ : याचीही रक्कम पूर्ण करमुक्त. पाच वर्षांनंतर उच्च शिक्षणासाठी खाते मुदतीपूर्वी बंद करता येते, पण व्याज एक टक्का कमी धरतात. बापाचे आणि अज्ञान मुलाचे खाते मिळून मर्यादा दीड लाखाचीच, हे विसरू नये.

३) बँकेची मुदत ठेव : मुद्दलावर कर नाही, व्याजावर आहे. ठेव दहा वर्षांनी मिळणार असली तरी व्याज दरवर्षी जमा होते आणि साधारणपणे दरवर्षीच दाखवावे लागते.

४) शेअरचे म्युच्युअल फंड : व्याज नको म्हणणारे बरेच बांधव इकडे वळतात. शरियतच्या निकषांवर चालणाऱ्या शेअर फंडांनाही हाच नियम. २३ जुलै २०२४ पासून एक वर्षावर ठेवलेल्या युनिटांच्या नफ्यावर, वर्षाला सव्वा लाख सोडून, १२.५ टक्के कर आहे. वर्षाच्या आत विकल्यास २० टक्के.

५) विमा : १ एप्रिल २०१२ नंतरच्या सर्वसाधारण पॉलिसीत वार्षिक हप्ता विमा रकमेच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर मुदतीअंती मिळणाऱ्या रकमेवर करमाफी नाही. मोठ्या हप्त्यांच्या नव्या पॉलिसींना आणखी अटी आहेत.

कोणाच्या नावावर ठेवला?

'मुलाच्या नावावर ठेवले, कर वाचला' ही समजूत चुकीची आहे. मूल अज्ञान असेपर्यंत त्याच्या ठेवीचे व्याज किंवा फंडाचा नफा आईबापांपैकी ज्याची मिळकत जास्त, त्याच्या मिळकतीत धरतात. जुन्या करपद्धतीत दर मुलामागे फक्त १,५०० रुपयांची सूट आहे. मुलाने स्वतःच्या मेहनतीने किंवा हुनराने कमावले तर ती कमाई त्याचीच. पण ती कमाई ठेवीत टाकली तर तिचे व्याज पुन्हा पालकांच्या हिशेबात येते.

अठरा वर्षे पूर्ण झाली की चित्र बदलते. त्यानंतरचे व्याज आणि नफा मुलाचा स्वतःचा. सज्ञान मुलाला बापाने दिलेल्या बक्षिसावरही कर नाही. म्हणून मुलाच्या नावावरचे युनिट शक्य असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर, त्याचे पॅन आणि केवायसी करूनच विकावेत.

एक उदाहरण

बापाने स्वतःच्या नावावर फंडात चार लाख टाकले, त्याचे नऊ लाख झाले. नफा पाच लाख. सर्व युनिट एकाच वर्षी विकले तर सव्वा लाख वजा जाता ३,७५,००० वर कर ४६,८७५ रुपये. ४ टक्के उपकर धरून ४८,७५०. इंजिनिअरिंगची फी मात्र चार वर्षे भरायची असते. दरवर्षी चौथा हिस्सा विकला आणि भाव तोच राहिला, दुसरा असा नफा नसला, तर नफा दरवर्षी सव्वा लाख आणि कर शून्य. बाजार पडूही शकतो; म्हणून पहिल्या वर्षाची फी शेवटच्या घटकेपर्यंत शेअरमध्ये ठेवू नये.

दुकानदारांसाठी खास

दुकानाच्या खात्यातून फी भरली तर ती धंद्याचा खर्च म्हणून लिहू नये. ती मालकाच्या उचल खात्यात टाकावी. खर्चात दाखवलेली फी तपासणीत नामंजूर होते आणि कर व्याजासह भरावा लागतो. जुनी करपद्धत घेणाऱ्यांना दोन मुलांपर्यंतच्या शिकवणी शुल्काची वजावट दीड लाखाच्या एकूण मर्यादेत मिळते. नव्या पद्धतीत ती नाही.

२०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा असल्याने कलमांचे जुने आकडे बदलले आहेत. तेव्हा मूल दहावीत असतानाच सर्व पासबुके, पॉलिसी आणि फंडांचे उतारे घेऊन आपल्या कर सल्लागाराकडे बसावे. कोणत्या वर्षी कुठून किती काढायचे, हे एका कागदावर लिहून घ्यावे. प्रवेशाच्या आठवड्यात घाईने मोडलेली ठेवच सर्वांत महाग पडते.