सडपातळ लॅपटॉपची पारख : देवगाव फाट्यावरून

बैल घ्यायचा झाला तर आपल्याकडे माणूस त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, दोन पावले चालवून पाहतो आणि मग रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवतो. संगणक घेताना मात्र हाच चतुर माणूस जाहिरातीतले चित्र पाहतो. चित्रात एक गोरटेला तरुण एका हाताने संगणक उचलून धरतो आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने पडद्याला हलकेच शिवतो. त्याच्या मागे वीज गेलेली नसते, पंखा बंद पडलेला नसतो आणि समोर सातबाऱ्याची प्रत घेऊन उभी असलेली रांगही नसते.

प्रस्तुत लेखात मध्यम किमतीच्या, सडपातळ आणि स्पर्शाने चालणाऱ्या लॅपटॉपचा विचार करावयाचा आहे. तोही आपल्या भागातील कामाच्या दृष्टीने. देवगाव फाटा म्हणजे सेलू, जिंतूर आणि मंठा या तिन्ही बाजूंच्या वाटा जुळणारे ठिकाण. तेथे माझ्या दादाचे झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरण्याचे छोटे दुकान आहे. दुकानातील जुना संगणक विंडोज १० वर चालतो. मायक्रोसॉफ्टने त्या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि पुढची प्रणाली चालवण्याची पात्रता त्या यंत्रात नाही. तेव्हा नवे यंत्र घेणे आले. दिवसा ते दुकानात चालावे आणि रात्री त्यावर माझा अभ्यास व्हावा, असा दुहेरी हिशेब घरात मांडला गेला. पुण्यात नोकरी करणारा आमचा चुलतभाऊ दिवाळीत आला तेव्हा त्याचा असाच एक लॅपटॉप तीन आठवडे आमच्याकडे राहिला. पडदा चौदा इंची, वजन सुमारे दीड किलो, बिजागरी पूर्ण उलटी फिरणारी. पुढील विवेचन त्या वापरावर आधारलेले आहे.

प्रथम पैशाचे पाहू. या वर्गातील यंत्राची मूळ किंमत ५०,००० रुपये धरली, तर १८ टक्के वस्तू व सेवा कराचे ९,००० मिळवून ५९,००० होतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला होता. म्हणजे हमीभाव पदरात पडला असे मानले तरी हा दीड किलोचा ऐवज अकरा क्विंटल सोयाबीनला पडतो. बाजारात भाव त्याहून खाली असला की क्विंटल वाढतात. एवढे धान्य ज्याच्या बदल्यात द्यायचे, त्याचे दात मोजलेच पाहिजेत.

आता स्पर्शाकडे वळू, कारण जाहिरातीचा भर त्यावर असतो. बोटाने संगणक चालवण्याची कल्पना नवी नाही. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने १९८३ साली एचपी-१५० नावाचा संगणक बाजारात आणला होता. त्याच्या पडद्याच्या कडेने बारीक छिद्रे होती आणि त्यांतून न दिसणारे अवरक्त किरण आडवे-उभे जात. बोट मध्ये आले की किरण अडे आणि जागा कळे. पण त्या छिद्रांत धूळ बसू लागली. शिवाय उभ्या पडद्यासमोर हात अधांतरी धरून काम केल्याने खांदा भरून येतो, हाही अनुभव लोकांना आला. या दुखण्याला तिकडे ‘गोरिला बाहू’ असे गमतीदार नाव पडले आहे. पुढे आपल्या देशात ऑक्टोबर २०११ मध्ये विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ नावाची स्वस्त पाटी निघाली. तिच्या पडद्याला दोन थर होते. ते दाबून एकमेकांना टेकवावे लागत, म्हणून बोट जोर देऊन दाबावे लागे. त्यावर बरीच टीका झाली आणि दुसऱ्या आवृत्तीत आजच्या मोबाइलसारखा पडदा आला. या आजच्या पडद्याच्या काचेखाली वीज वाहून नेणारा पारदर्शक थर असतो. आपले शरीरही वीज वाहून नेते, म्हणून बोट टेकताच तेथील विद्युतभारात फरक पडतो आणि जागा कळते. दाबण्याची गरज नाही. मात्र बोट ओले असेल तर पडदा गोंधळतो, आणि नुसत्या नखाला तर तो दादच देत नाही.

छिद्रांची धूळ गेली, दाबण्याचा त्रास गेला. खांद्याचे दुखणे मात्र १९८३ सालचेच राहिले. लॅपटॉप नेहमीसारखा उघडून पडद्यावर बोट चालवले तर पाच मिनिटांत हात आपोआप खाली येतो, आणि दर टिचकीला पडदा किंचित डोलतो तो वेगळाच. पहिल्या आठवड्यात मी हौसेने सगळे बोटाने केले. दुसऱ्या आठवड्यात बोट फक्त पान सरकवण्यापुरते उरले.

लेखनाच्या बाबतीत तर स्पर्शाचा उपयोग फारच थोडा. मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट हा कळफलक आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तो १९८६ मध्ये प्रमाणित केला. त्याची रचना मोठी शहाणपणाची आहे : स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. ‘त्र’ लिहायचा तर उजव्या हाताने त, डाव्याने पाय मोडायचा, पुन्हा उजव्याने र. हात असे आलटून पालटून चालतात म्हणून वेग येतो. पण ही लय बोटांना कळ जाणवल्याशिवाय साधत नाही. गुळगुळीत काचेवर कुठली कळ कुठे आहे ते दर वेळी डोळ्यांनी पाहावे लागते. मी घड्याळ लावून पाहिले. खऱ्या कळफलकावर मिनिटाला बत्तीस शब्द झाले, काचेवरच्या कळफलकावर जेमतेम दहा, शिवाय अर्धा पडदा त्या चित्रानेच झाकला. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला ३० शब्दांचा वेग लागतो, आणि आपल्या महाविद्यालयातील निम्म्या मुलामुलींचे डोळे त्या पदाकडे लागलेले आहेत. त्यांनी काचेवर सराव करू नये.

एक उपयोग मात्र नमूद केला पाहिजे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपच्या कळांवर देवनागरी अक्षरे छापलेली नसतात. पडद्यावरच्या कळफलकावर ती दिसतात. नवशिक्याने तेथे पाहून अक्षरांच्या जागा पाठ कराव्यात आणि मग तो बंद करावा. अर्थात त्यासाठी स्पर्श लागतोच असे नाही, नुसते पाहायचे असते.

सडपातळपणाची किंमत दुसरीकडेच मोजावी लागते. कळा उथळ असतात; जुन्या कळफलकावर बोट जितके खाली जाई तितके येथे जात नाही, पण आठवडाभरात सवय होते. आकड्यांच्या स्वतंत्र कळा चौदा इंची यंत्रात बहुधा नसतात, ही गोष्ट दादाला फार खटकली. आधारचे बारा अंक, मोबाइलचे दहा, पासबुकावरचा लांबलचक खाते क्रमांक, गट क्रमांक. त्याचा दिवस अक्षरांत कमी आणि आकड्यांत जास्त जातो. यूएसबीची जुनी, चौकोनी खाचही पातळ यंत्रात एक नाहीतर दोनच. दुकानात प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचे यंत्र आणि गिऱ्हाइकाने खिशातून काढलेला पेन ड्राइव्ह एकाच वेळी जोडायचे असतात. त्यासाठी जोडपट्टी विकत घ्यावी लागते. मग टेबलावर वायरींचे जे जाळे होते ते पाहून यंत्र सडपातळ आहे याचे समाधान कितपत टिकते हा प्रश्नच आहे. याहून मोठी गोष्ट आत दडलेली असते. पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये रॅम, म्हणजे कामापुरती स्मृती, मुख्य पट्टीवर पक्की डागलेली असते. आज पैसे कमी म्हणून आठ जीबी घ्यावी आणि पुढच्या सुगीला वाढवावी, हा आपला नेहमीचा बेत येथे चालत नाही.

विजेच्या बाबतीत मात्र या यंत्राने आमची मने जिंकली. त्याची बॅटरी ५० वॅट-तासांची होती. लिहिणे-वाचणे चालू असताना यंत्र साधारण दहा वॅट ओढते, म्हणजे सरळ भागाकाराने पाच तास. प्रत्यक्षात साडेचार मिळाले. पडद्याचा उजेड पूर्ण ठेवला तेव्हा साडेतीन. शून्यातून बॅटरी भरायला एका युनिटचा सोळावा-सतरावा भाग लागतो. उलट, दुकानातला जुना संगणक वीज गेल्यावर खालच्या डब्याच्या जोरावर पंधरा मिनिटे तग धरतो, आणि ती पंधरा मिनिटेही तो डबा ओरडत असतो. खरिपाच्या पीकविम्याची मुदत संपत आली की रांग फाट्यावरच्या थांब्यापर्यंत जाते, दिवसा संकेतस्थळ हलत नाही आणि रात्री ते हलू लागते तेव्हा वीज नसते. अशा रात्री चार तासांची बॅटरी म्हणजे काय, हे शहरातल्या परीक्षकाला सांगून कळणार नाही.

उन्हाचे काय, हा पुढचा प्रश्न. दिवाळीत तो सुटला नाही, कारण तेव्हा हवा गार होती. पण लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत एक ओळ असते : वापराचे तापमान पस्तीस अंशांपर्यंत. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, आणि पत्र्याखालच्या दुकानात तो किती होतो हे पत्र्याखाली बसणाऱ्याने सांगावे. पातळ यंत्रात पंखा लहान आणि हवा खेळायला जागा थोडी. फार तापले की ते जळू नये म्हणून आपणच वेग कमी करते. शिवाय उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते. तेव्हा ते गादीवर, उशीवर किंवा मांडीवरच्या गोधडीवर ठेवू नये. खालची छिद्रे मोकळी राहिली पाहिजेत. आणि स्पर्शाच्या पडद्याची काच बहुधा चकचकीत असते. दार उघडे असेल तर अक्षरांच्या जागी रस्त्यावरची एसटी दिसते.

येथे एका वेगळ्या यंत्राची आठवण होते. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात या लहानशा वस्तीतील शाळेत २००७ साली मुलांना हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप मिळाले होते. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचा तो भारतातील पहिला प्रयोग. निकोलस नेग्रोपाँटे यांनी शंभर डॉलरचा संगणक करू असे २००५ मध्ये जाहीर केले होते; तो पडला जवळजवळ दुप्पट किमतीला, आणि प्रकल्प मोठ्या प्रमाणावर आपल्याकडे रुजला नाही. वेगही आजच्या मानाने अगदीच थोडा. पण त्याला पंखा नव्हता, कळफलक रबराचा असून धूळ आत जात नसे, आणि मेरी लू जेप्सेन यांनी घडवलेला त्याचा पडदा भर उन्हात वाचता येई. झाडाखाली बसणारे मूल डोळ्यांपुढे ठेवून ते यंत्र रचले होते. आजचा लॅपटॉप त्याहून कितीतरी बलवान आहे. फक्त तो रचताना डोळ्यांपुढे वातानुकूलित खोली होती.

एवढे दोष सांगितल्यावर स्पर्श निरुपयोगी ठरला असे वाटेल. तसे नाही. त्याचा खरा उपयोग जाहिरातीत कुठेच नव्हता, तो गिऱ्हाइकांनी शोधून काढला.

अर्ज भरताना दादा आत बसतो आणि शेतकरी टेबलापलीकडे उभा असतो. नाव दादा लिहितो, पाहतोही दादाच. आधारवर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरे, पासबुकावर तिसरे. कुठे ‘राव’ जोडलेले, कुठे गळलेले, इंग्रजीत तर एका ‘ए’ची कमीजास्त होतेच. एवढ्याने अनुदान अडकते आणि त्या माणसाच्या सेलूच्या चकरा सुरू होतात. एका चकरेत भाडे जाते आणि मजुरीचा दिवस बुडतो. या तीन आठवड्यांत अर्ज भरून झाला की दादा बिजागरी उलटी फिरवून यंत्र तंबूसारखे उभे करी आणि पडदा गिऱ्हाइकाकडे करी. दोन बोटे फाकली की नाव पडदाभर मोठे होई. चष्मा घरी विसरलेले आजोबा स्वतः बोट ठेवून एकेक अक्षर वाचत. ज्यांना वाचता येत नव्हते त्या मावश्या निदान अंक ताडून पाहत. तीन आठवड्यांत अशा सात चुका पाठवण्याआधी सापडल्या. मी वहीत मांडून ठेवल्या आहेत. त्यांतील दोन तर बँकेच्या खाते क्रमांकातल्या होत्या.

हे काम स्वस्तात होणार नाही का, असे आमच्या एका प्राध्यापकांनी विचारले, आणि प्रश्न रास्त आहे. एक जुना मॉनिटर आणून गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवला तर नाव दिसेलच. पण वीज गेली की तो काळा होतो, आणि नेमक्या घाईच्या रात्री तो काळाच असणार.

माझे मत असे. ज्याला केवळ अभ्यास, लेखन आणि टंकलेखनाचा सराव करायचा आहे त्याने स्पर्शाच्या नादी लागू नये. तेच पैसे सोळा जीबी रॅम, न चमकणारा पडदा आणि वाढीव हमी यांत घालावेत. बिजागरी पूर्ण न फिरणारा आणि तरी स्पर्शाचा, असा लॅपटॉप तर कोणीच घेऊ नये, कारण त्यात खांदेदुखी तेवढी मिळते. टेबलापलीकडच्या माणसाला पडदा दाखवायचा आहे, त्याने मात्र पूर्ण फिरणारी बिजागरी आणि स्पर्श दोन्ही घ्यावेत. शिक्षक, अंगणवाडीताई, बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या बाया यांनाही हेच लागू पडते.

दुकानात जाताना सोबत आपला पेन ड्राइव्ह, अंगठ्याचे यंत्र आणि मोबाइलमध्ये एखाद्या सातबाऱ्याची प्रत न्यावी. तेथेच मराठी कळफलक सुरू करून गावचे, आजीचे आणि आपले पूर्ण नाव लिहून पाहावे. रॅम डागलेली आहे की बदलता येते, हे विचारून बिलाच्या मागे लिहून घ्यावे. पडद्याला तडा गेला तर नुसती काच बदलते की काच आणि पडदा एकत्र बदलावा लागतो, आणि त्याला किती लागतात, हेही विचारावे. बहुधा एकत्रच बदलतात. घरी येऊन दुरुस्ती करू असे सांगितले तर आपला पिनकोड देऊन ‘देवगाव फाट्याला येता का’ एवढे विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत पैसे खिशातच ठेवावेत.