प्रो होण्याआधी

चि. ओंकार,


ताईचा फोन आला होता. गोल्फमधला हँडिकॅप शून्यावर आल्यापासून तू प्रो, म्हणजे व्यावसायिक खेळाडू होण्याचा धोशा लावला आहेस म्हणे. आपल्या पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोचला, हे तू मला ऐकवशीलच. म्हणून लिहून कळवतो. फोनवर तू बोलू देत नाहीस.

तुझा ड्राइव्ह लांब जातो, वादच नाही. पण क्लबातला तरबेज खेळाडू आणि प्रो यांच्यातला फरक चांगल्या फटक्यापेक्षा फसलेल्या फटक्यात जास्त दिसतो. झेंडा उजवीकडे, बंकरच्या लगेच मागे असला, की तू थेट झेंड्यावर नेम धरतोस. प्रो बहुतेकदा पंधरा-वीस फूट डावीकडे, ग्रीनच्या पोटात धरतो. बॉल थोडा उजवीकडे सरकला तर झेंड्याजवळ, डावीकडे गेला तरी ग्रीनवरच. तुझा उजवीकडे सरकला की वाळूत. आपला फटका किती फाकतो, हे प्रोने मोजून ठेवलेलं असतं. अमेरिकेतल्या पीजीए टूरवरचे प्रोसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात. टीव्हीवर घातलेलेच जास्त दिसतात, म्हणून आपण फसतो.

आणि तुमच्या रविवारच्या मंडळींची ती गिमी! तीन फुटांवर बॉल थांबला की कुणीतरी दिलदारपणे म्हणतं, ‘उचल रे’. स्ट्रोक प्लेमध्ये असं कुणी म्हणत नाही; बॉल भोकात पडेपर्यंत खेळावंच लागतं. तुझ्या शून्यात असे किती उचललेले बॉल आहेत, ते तुलाच माहीत.

पैशाचं गणित वेगळंच. जानेवारी 2024 मध्ये निक डनलॅप या वीस वर्षांच्या कॉलेजकुमाराने पीजीए टूरची स्पर्धा जिंकली. 1991 मध्ये मिकेलसनने अमॅच्युअर, म्हणजे हौशी खेळाडू असताना अशी स्पर्धा जिंकली होती, त्यानंतर अमॅच्युअर म्हणून जिंकणारा डनलॅपच पहिला. पहिलं बक्षीस पंधरा लाख डॉलर होतं. पण अमॅच्युअरला बक्षिसाचे पैसे घेता येत नाहीत, म्हणून ते गेलं दुसऱ्या आलेल्याला. काही दिवसांत डनलॅप प्रो झाला. त्याचं जमलं. पण कट चुकून स्पर्धेतून मध्येच बाहेर पडलेल्या आठवड्यात हातात बहुधा काहीच पडत नाही. हॉटेल, कॅडी, प्रवास मात्र खिशातूनच. तीन फुटांच्या पटवर महिन्याचा खर्च अवलंबून असला की हात वेगळा चालतो.

अमॅच्युअर म्हणजे कच्चा, असं मात्र समजू नकोस. बॉबी जोन्स पेशाने वकील. त्याने 1930 मध्ये अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडच्या ओपन आणि अमॅच्युअर अशा चारही स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या आणि अठ्ठाविसाव्या वर्षी स्पर्धा सोडल्या.

तर सध्या एवढंच कर. पावसाळा संपेपर्यंत गिमी बंद. शंभर यार्डांच्या आतले फटके एका वहीत वेगळे मांड, प्रत्येक फसलेला फटका कुठल्या बाजूला गेला तेही लिही. दिवाळीला वही घेऊन ये, मग प्रो होण्याच्या फॉर्मचं बोलू. ताईला मी तोवर गप्प ठेवतो.

तुझा,
मामा