पाणी कोणाचं? समन्यायी वाटपाचा एक धडा



आपल्या हॉस्टेलच्या गच्चीवर टाकी एकच आहे. पण सकाळी साडेसातला तळमजल्यावरचे चार नळ एकदम सुटले की आमच्या वरच्या मजल्यावरच्या नळातून फक्त 'फुस्स' असा आवाज येतो. फ्लुइड मेकॅनिक्सच्या तासाला 'हेड' शिकवलं तेव्हा त्याचं कारण कळलं. पाणी कमी नसतं, ते कुठे आधी पोचतं हा प्रश्न असतो.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. 'आवर्तन' हा शब्द मला फक्त कथ्थकच्या क्लासमुळे माहीत होता. इथे सांगोल्यात आल्यावर मेसच्या मावशी एकदा म्हणाल्या, "औंदा आवर्तन सुटलंच न्हाई, ज्वारी गेली." मला वाटलं कसला तरी कार्यक्रम रद्द झाला! आवर्तन म्हणजे कालव्याला ठराविक दिवसांसाठी सोडलेलं पाणी. कालव्याच्या तोंडाशी जो शेतकरी, तो 'हेड'चा. शेवटाला जो, तो 'टेल'चा. टेंभू असो, म्हैसाळ असो, नीरा उजवा कालवा असो, सांगोला बहुतेक ठिकाणी टेलला आहे. म्हणून हा विषय अभ्यासायचं ठरवलं.

याची सुरुवात मला सापडली ती शेजारच्या सांगली जिल्ह्यात, आणि तीसुद्धा शेतात नाही तर मुंबईच्या गिरणीत. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप झाला. खानापूर तालुक्यातले पुष्कळ कामगार गावी परतले. गावात दुष्काळ. रोजगार हमीवर खडी फोडायचं काम मिळत होतं. पण संपात तयार झालेली ही माणसं गप्प बसणारी नव्हती. खडी फोडून दुष्काळ हटणार आहे का, दुष्काळ हटेल असं काम का देत नाही, असं ते विचारू लागले. त्यातून 'मुक्ती संघर्ष' ही चळवळ उभी राहिली. डॉ. भारत पाटणकर तिच्यात होते.

येरळा नदीची वाळू ठेकेदार उपसून नेत होते. नदीची वाळू म्हणजे पाणी धरून ठेवणारा स्पंज, हे आपण जिऑलॉजीत शिकतो; बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांना ते विहिरी आटल्यावर कळलं. त्यांनी ठेकेदार थांबवले, थोडी वाळू स्वतः विकली आणि त्या पैशांतून, श्रमदानातून 'बळीराजा' धरण बांधलं. के. आर. दाते या इंजिनिअरनी तांत्रिक मदत केली. (आपल्याला प्लेसमेंटच्या तयारीत अशा इंजिनिअरचं नाव कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.) धरणाचं पाणी दोन्ही गावांतल्या सगळ्या कुटुंबांना सारखं, ज्यांना जमीन नाही त्यांनासुद्धा, असं ठरलं.

हा विचार त्याआधी पुरंदरमध्येही झाला होता. १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे कारखानदार विलासराव साळुंखे, तेही इंजिनिअरच, नायगावला गेले. त्यांच्या पाणी पंचायतीचा नियम असा की पाणी जमिनीवर नाही, डोक्यावर मोजायचं. माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही.

आता आपल्याकडे. बचावत लवादाने १९७६ मध्ये कृष्णेचं ५६० टीएमसी पाणी महाराष्ट्राला दिलं. या निवाड्याचा फेरविचार २००० नंतर होणार होता, म्हणजे तोवर पाणी अडवून वापरलं नाही तर हक्क सांगणं कठीण. १९९३ मध्ये आटपाडीत पाणी परिषद झाली आणि कृष्णा खोऱ्यातले तेरा दुष्काळी तालुके एकत्र आले. सांगोला त्यातला एक. परिषदेचे नेते म्हणजे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. पाटणकर आणि आपले गणपतराव देशमुख. नागनाथअण्णा १९४४ मध्ये इंग्रजांचा खजिना लुटणाऱ्या प्रतिसरकारच्या तुकडीतले. तेच अण्णा उतारवयात परिषदा, मोर्चे आणि ठिय्या या मार्गाने लढले, ही गोष्ट मला फार विचार करायला लावते. गणपतराव १९६२ पासून अकरा वेळा इथून निवडून आले. २०२१ मध्ये ते गेले.

कराडजवळ टेंभू इथे कृष्णेचं पाणी उचलून पाच टप्प्यांत वर चढवायचं, या योजनेला १९९६ मध्ये मंजुरी मिळाली. पाणी प्रत्यक्ष आटपाडी-सांगोल्याकडे यायला पुढे बरीच वर्षं गेली. पण चळवळीची मागणी 'पाणी द्या' एवढीच नव्हती. आलेलं पाणी कसं वाटणार, हेही लिहून द्या, असं ती म्हणत होती. आटपाडीत बंद पाइपमधून समन्यायी वाटप, म्हणजे 'आटपाडी पॅटर्न', त्यातून आला.

वाटपाचा इतका आग्रह का? मी एक गणित करून पाहिलं. एक घनमीटर पाणी १०० मीटर वर न्यायला १००० × ९.८१ × १०० ज्यूल, म्हणजे सुमारे ०.२७ युनिट वीज लागते. पंप आणि मोटारची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर ०.३६. (टेंभूची उंची १०० मीटरपेक्षा बरीच जास्त आहे.) पाटाने भिजवलेल्या एकरभर उसाला वर्षाला दोन मीटर पाणी धरलं तर ८००० घनमीटर होतात, विजेचे सुमारे २९०० युनिट. एकर ज्वारीला ४० सेंटिमीटर पाणी धरा. १६०० घनमीटर, ५८० युनिट. म्हणजे एका उसाच्या एकरात पाच कुटुंबांची एकेक एकर ज्वारी बुडते. ठिबकवरचं डाळिंबसुद्धा उसाच्या मानाने खूप कमी पाणी घेतं. या उपसा योजनांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भाग सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्याने भरायचा असं नंतर ठरलं. ते ८१ टक्के म्हणजे सगळ्यांचे पैसे, ज्यांच्या शेतात थेंब पोचला नाही त्यांचेही.

मी मावशींना हे गणित दाखवलं. त्या म्हणाल्या, "बाय, आमाला रान न्हाई. मी उसाच्या रानातबी खुरपाय जाती आन् ज्वारीच्या रानातबी. पाच घरांत ज्वारी असली तर मला पाच घरी काम." हे माझ्या गणितात नव्हतंच.

२००५ मध्ये महाराष्ट्रात सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे देण्याचा कायदा झाला. चांगला कायदा आहे. पण संस्थेचं सभासद व्हायला लाभक्षेत्रात जमीन लागते. बळीराजा धरणावर आणि नायगावात भूमिहीनाला जो हिस्सा ठरला होता, तो या कायद्यात मी शोधला. मावशींचं नाव कुठल्या यादीत बसवायचं ते मला अजून सापडलेलं नाही.