घरच्या कापडाची गोधडी

प्रश्न : रावेतमध्ये आमचं आजोबांपासूनचं कापडाचं दुकान आहे. मुलगी त्यातल्याच कापडाच्या गोधड्या शिवून विकते. वडील म्हणतात, घरात कसला हिशेब?

उत्तर : ताई, हिशेब घरातच आधी हवा. मुलीला दिलेल्या प्रत्येक मीटरची नोंद खरेदीभावाने ठेवा. नाहीतर गोधडीचा नफा खरा की गल्ल्यातून आलेला, हे कळणारच नाही. तिघांचा भागीदारी करार लेखी करून नोंदवा. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ४२ नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर एका भागीदाराच्या निधनाने पेढी विसर्जित होते. वडील थकण्याआधीच ही तजवीज व्हावी, असं मला मनापासून वाटतं. सुती कापड बेतण्याआधी धुऊन घ्या, ते आटतं. धावदोऱ्याची मजुरीही किमतीत धरा, टाके आजीचे असले तरी.